अकरा वाढल्या

दारव्ह्याच्या नाक्यावर, कलीम मिस्त्रीच्या टिनाखाली
दोन गाड्या उभ्या.
एक व्हॅन, एक एस्टीम.
दोनीचं साल एकच, दोन हजार तीन,
भावही जवळपास एकच,
बाकी म्हणशीन तर काही म्हणता काही एक नाई.

एस्टीम दिग्रसच्या हेडमास्तरची.
सीटावरचं प्लास्टिक अजून काढलं नोतं त्यानं.
कागदं क्लिपमध्ये, हवा कधी भरली त्याची वेगळी वही,
कोण्या दिवशी काच पुसली तेही लिवलेलं.
कलीम म्हणे, हे गाडी पावसात निंगालीच नाई, भाभी.
मी म्हणलं, मंग घेतली कायले होती?

व्हॅन शाळेची. पिवळी होती,
वरून पांढरा मारला, तरी दाराच्या फटीत पिवळं दिसते,
हळद धुतली पण नखात राह्यली, तसं.
मागच्या सीटच्या रेग्झिनवर कोण्या पोट्ट्यानं
पेनानं सातचा पाढा लिवला.
सात सक बेचाळीसवर शाळा आली असन.

आमच्या ह्यायनं व्हॅनचं बोनट उघडलं
तर आत इंजिनच नाई!
कलीम हासला. सीटखाली असते, सुदामभाऊ.
थंडीत लै बरं.
उन्हायाचं तो बोललाच नाई.

ह्यायले एस्टीम पाहिजे होती. तोंडानं म्हणत नोते,
पण स्टेअरिंगवर हात असे ठेवले
जसे पहिल्यांदा सासऱ्याच्या घरी पाटावर बसले होते.

मी म्हणलं, गाडी आपण नाई पाह्याची, माल पाहीन.
दोन सारखी खोकी काढली, चाळीस-चाळीस डझनाची,
हिरव्या, सव्वादोनच्या मापाच्या.
त्याच रस्त्यानं, त्याच गिट्टीवरून,
लाडखेडच्या फाट्यालोक जायचं अन् वापस.

एस्टीममधलं खोकं उतरवलं, खोललं.
एकही नाई.
व्हॅनमधलं उतरवलं.
आमच्या धंद्यात फुटली म्हणत नाईत.
मोजल्या. अकरा वाढल्या.

हे माह्याकडे पाहून राह्यले, जिंकल्यावानी.
मी म्हणलं, आता सगळाच माल भरून पाहा.
एस्टीमच्या डिक्कीत अठरा खोकी गेली
अन् तिनं बूड टेकवलं,
जेवण झालेल्या पाव्हण्यावानी.
पाल, बांबू, आरसा, माहं स्टूल, भाकरीचा डबा, सगळं भुईवर.
व्हॅननं चौसष्ट गिळली,
पाल गिळली, आरसा गिळला, बांबू मागून हातभर बाहेर,
अन् वरून जशी विचारते, बाई, तू कुठी बसतं?

व्हॅन घेतली.
अकरा बांगड्याचे पैसे भावातून कापले,
कलीम अजून सांगते ते गिऱ्हाइकायले.
खोक्याखाली आता तुरीचं कुटार टाकतो, दोन बोटं.
तरी बोरीच्या बाजारालोक दोन-तीन वाढतातच.
अन् चैत लागला की हे अर्धे उठूनच गाडी चालवतात.

एस्टीम तिथंच हाय. टायर बसले,
छतावर लिंबाचा पाला.
ग्रीसिंगले गेलो की कलीम म्हणते, भाभी, एकडाव बसून त पाहा.
बसतो मी.
दार लागते, धप्प,
अन् नाक्यावरचा ट्रॅक्टर, वेल्डिंग, भोंगा, सगळं तिकडंच राह्यते.
इतकं गुमान
की मी हात हालवून पाह्यतो,
हातातल्या हायेत का नाई.

मंग उतरतो.
व्हॅनचा हॉर्न कधीचाच गेला. बसवला नाई.
गावच्या गिट्टीवर चढली की चौसष्ट खोकी बोलतात
अन् बाया पिठाचे हात पदराले पुसत
दारात येतात.